सही केलीस, पण तपासलंस काय?

तुझा अहवाल वाचला. बांधणी देखणी, नकाशा रंगीत, शेवटच्या पानावर सही-शिक्का. जुन्या पेट्रोल पंपाची जागा, तिथे तळघरासकट व्यापारी संकुल होणार, आणि तू लिहून मोकळा झालास : ‘जागा प्रदूषणमुक्त, बांधकामास योग्य.’ कशाच्या जोरावर? माझ्या हाताखाली शिकलेल्या मुलाने असा कागद द्यावा, याची मला लाज वाटली.

तो फोटो बघ. तूच छापला आहेस. बोअरजवळ उभा आहेस, हातात प्लास्टिकची पाण्याची बाटली, तीही अर्धी. तारीख मे महिन्यातली. अरे, बेंझिन शोधायला निघालास आणि बाटलीत निम्मी हवा ठेवलीस? झाकण उघडलं की पहिलं उडतं ते बेंझिनच. 40 मिलीची काचेची कुपी, काठोकाठ भरलेली, आत एकही बुडबुडा नाही, घट्ट झाकण, लगेच बर्फाच्या पेटीत. हे फळ्यावर लिहून दिलं होतं ना? नागपूरच्या मे महिन्यात गाडीच्या डिक्कीतून नेलेल्या त्या बाटलीत मोजायला उरणार काय! प्रयोगशाळेने ‘आढळले नाही’ लिहिलं आणि तू ते जसंच्या तसं उतरवून घेतलंस. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 10 मायक्रोग्रामच्या वर बेंझिन नको, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, कारण त्याने रक्ताचा कर्करोग होतो. इतक्या बारीक मोजमापाला तुझी ही तयारी?

पुढे लिहितोस, टाक्या काढल्या, तळाखालची चार फूट माती जेसीबीने उचलली, मुरूम भरला, रोलर फिरवला. पेट्रोल चार फुटांवर थांबतं, हे तुला कोणी शिकवलं? आपली काळी माती उन्हाळ्यात हात जाईल इतकी भेगाळते. तिच्याखाली मुरूम, मुरुमाखाली तडकलेला काळा खडक. त्या फटींतून पेट्रोल पाण्यापर्यंत उतरतं आणि हलकं असल्यामुळे वर तरंगत राहतं. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की तेही खाली जातं, पावसाळ्यात पाणी चढलं की तेही चढतं, आणि जाता-येता खडकाला चिकटून बसतं. म्हणून एकाच मोसमात मोजून भागत नाही. तू एकाच बोअरवर निकाल दिलास, आणि तो बोअरही उताराच्या वरच्या अंगाला! घाण ज्या दिशेला वाहत गेली, तिकडे पाठ करून उभा राहिलास. त्या बाजूला जुना वाडा आहे, वाड्यात विहीर आहे. तुझ्याच नकाशात तिचा निळा ठिपका आहे. तिचं थेंबभर पाणी तू तपासलं नाहीस.

उचललेल्या मातीबद्दल एकच ओळ : ‘बाहेर पाठवण्यात आली.’ बाहेर म्हणजे कुठे? घातक कचऱ्याची सोय बुटीबोरीला आहे. तिथली पावती जोडलेली नाही. मग ती माती कोणाच्या प्लॉटच्या भरावात गेली?

सगळ्यात जास्त राग आला तो परिशिष्टावर. पंपाचं डिप रजिस्टर तू जोडलंस, पण वाचलं नाहीस. रोज सकाळी टाकीत डिप रॉड घालून घेतलेली मापं आहेत त्यात. साठा, विक्री, तूट. तुटीपुढे मॅनेजरचा शेरा, ‘उन्हाने उडाले’. डिसेंबरातही तेवढीच तूट, शेराही तोच. नागपुरात जन्म गेला तुझा, इथली डिसेंबरातली थंडी तुला माहीत नाही? त्या रकान्यात गळती महिनोन् महिने लिहून ठेवली आहे.

हे घडलं कुठे, तर नागपुरात. देशभरातल्या पंपांना परवाने देणाऱ्या पेसोचं मुख्यालय या गावात. पर्यावरण संशोधन करणारी नीरी इथे 1958 पासून. राजस्थानातल्या बिछडी गावच्या विहिरी रासायनिक कारखान्यांनी नासवल्या, तेव्हा नीरीचा अहवाल सर्वोच्च न्यायालयाने प्रमाण मानला आणि 1996 मध्ये सांगितलं, ज्याने बिघडवलं त्यानेच निस्तरायचं. जुलै 2025 मध्ये दूषित जागांसाठी केंद्राचे स्वतंत्र नियमही आले. अज्ञानाची सबब तुला नाही.

मालकाला घाई आहे, हे मला कळतं. तरंगणारं पेट्रोल उपसणं, मातीतली वाफ पंपाने ओढून काढणं, खाली हवा सोडून जिवाणूंना कामाला लावणं, याला महिने लागतात, कधी वर्षंही. मालक दुसरा सल्लागार शोधीन म्हणेल. शोधू दे. उद्या त्या तळघरात पार्किंग होईल, फटींतून वाफ वर येईल, आणि तिथे दिवसभर बसणारा वॉचमन ती छातीत भरून घेईल. ठिणगी पडली तर काय होईल, ते तुला सांगायला हवं का?

आता ऐक. आधी त्या वाड्यात जा. निकाल येईपर्यंत विहिरीचं पाणी प्यायला, स्वयंपाकाला, आंघोळीला घेऊ नका, हे स्वतः सांग. मग दाखला लेखी मागे घे आणि त्याची प्रत प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात देऊन पोच घे. उताराच्या खालच्या अंगाला निदान तीन बोअर घे, आता एकदा मोज आणि पावसाळ्यानंतर पुन्हा. कुप्या माझ्याकडून घेऊन जा.