गुळव्याची गोळी

एका गुऱ्हाळाच्या मालकाने गावच्या शिबिरात उपाशीपोटी रक्त तपासून घेतलं. साखर आली 112.

"काका, 100च्या आत हवी," नर्स म्हणाली. "दोनदा 126 किंवा वर आली की मधुमेह. तुम्ही मधे आहात. घरात कुणाला होता?"

"वडिलांना. पण मला ना तहान, ना थकवा. आणि गूळ तर मी चाखतही नाही."

"नुसत्या गोडाने होत नाही, काका. पोट सुटलं, अंग हलेनासं झालं की इन्शुलिनचं फारसं चालत नाही. मग भाताभाकरीची साखरही रक्तातच साचते. सुरुवातीला दुखत-खुपत काही नाही."

मालकाने कागद खिशात घातला आणि मोटारसायकलवरून गुऱ्हाळ गाठलं.

काहिलीत पाक उकळत होता. रंग सुरेख आला होता. म्हाताऱ्या गुळव्याने थोडा पाक थंड पाण्यात टाकला, बोटांनी गोळी वळून पाहिली आणि ओरडला, "उतरवा!"

"आटू दे की अजून," मालक म्हणाला. "करपलाय कुठं?"

गुळव्या थांबला नाही. गड्यांनी काहील उतरवली, पाक वाफ्यात ओतला. मग तो म्हणाला, "मालक, करपल्याचा वास आल्यावर उतरवून काय उपयोग? गोळी सांगते तेव्हाच ऐकायचं."

मालकाने खिशातला कागद काढला आणि त्याला आकडे वाचून दाखवले.

"मग उतरवा की," गुळव्या म्हणाला.

त्या रात्री जेवण झाल्यावर मालक अर्धा तास चालला. मग रोज चालू लागला. ताटातला भात निम्मा झाला, उसळ आणि पालेभाजी वाढली. चहातली साखर सुटली, बिडी मात्र फार दिवसांनी सुटली. जत्रेत त्याने पोटभर बुंदी खाल्ली, दोन दिवस घरीच बसला. तिसऱ्या दिवशी पुन्हा बाहेर पडला. वर्षभरात 82 किलोंचे 76 झाले.

पुढच्या शिबिरात साखर आली 97. या वेळी त्याने धाकट्या भावालाही ओढत आणलं होतं.

"दादा, मला काही होत नाही," धाकटा कुरकुरला.

"म्हणूनच आणलं. काही होत नसतं तेव्हाच तपासायचं. तेव्हाच आवरता येतं."

धाकट्याची साखर आली 118. दुसऱ्या दिवसापासून दोघे भाऊ शेतावर चालत जाऊ लागले.