हा पैसा कोणाचा?

जुगार हराम आहे, हे सांगण्यासाठी लेख लिहिण्याची गरज नाही. आमच्या ब्रह्मपुरीकडच्या लहान मुलालाही ते ठाऊक असते. धानाची कापणी आटोपली, दिवाळी झाली की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलकाठच्या गावांत कोंबडबाजारही भरतो. कोंबड्याच्या पायाला काती बांधतात, भोवती नोटा धरलेले हात वर होतात आणि पोलीस आले की माणसे झुडपांत पळतात. सट्टापट्टीचे आकडे कोण लिहितो, हेही मोहल्ल्याला माहीत असते. ही जुगाराची ओळखीची तोंडे आहेत. त्यांच्याविषयी कोणाला संभ्रम नाही. संभ्रम पडतो तो जुगार इस्त्रीचे कपडे घालून, पावती देऊन आणि आयकर कापून समोर येतो तेव्हा.

आमच्या हाताखाली शिकून गेलेला एक विद्यार्थी पुण्यात नोकरीला आहे. कचेरीतल्या मित्रांबरोबर तो गोव्याला गेला होता. पणजीला मांडवीच्या पात्रात कॅसिनोची जहाजे नांगर टाकून उभी असतात. तिथे एका संध्याकाळी पोकरची एक छोटी स्पर्धा होती. प्रवेश साडेपाच हजार रुपये. त्यातले पाचशे कॅसिनोचे, पाच हजार बक्षिसाच्या रकमेत. साठ खेळाडू होते. आठ जणांना बक्षिसे मिळाली, बावन्न जण रिकाम्या हाताने परतले. आमचा विद्यार्थी तिसरा आला. छत्तीस हजारांतून तीस टक्के कर कापून पंचवीस हजार दोनशे रुपये हातात पडले. ईदला घरी आल्यावर ते त्याने अम्मीच्या हातावर ठेवले. पैसे कुठून आले हे ऐकल्यावर त्या माउलीने ते परत खाटेवर ठेवले आणि एवढेच विचारले, "बेटा, ये पैसा किसका है?"

तो आमच्याकडे आला तो वकिली मागायला. "सर, आप अम्मी को समझाइए. ये तीन पत्ती नहीं है, इसमें दिमाग लगता है."

त्याचे म्हणणे अगदी खोटे नाही. या खेळात प्रत्येकाला दोन पाने बंद मिळतात, पाच पाने सगळ्यांसाठी मधे उघडी पडतात. स्पर्धेत सर्वांना सारख्याच चकत्या देतात. त्या चकत्यांना बाहेर किंमत नसते. ठरावीक वेळाने सक्तीची बोली वाढत जाते, म्हणून गप्प बसून राहणाराही हळूहळू झिजतो. चकत्या संपल्या की उठायचे. कोणते पान येण्याची शक्यता किती, समोरचा खरे बोलतो की हूल देतो, याचा हिशेब सतत करावा लागतो. एका डावात नशीब चालते, हजार डावांत डोके चालते, असे जाणकार सांगतात आणि ते आम्हाला पटते. मात्र एका संध्याकाळच्या स्पर्धेत हजार डाव होत नाहीत, हेही तितकेच खरे.

कौशल्य की नशीब, हा वाद आपल्याकडची न्यायालयेही फार वर्षे करीत आली आहेत. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने साठच्या दशकातच म्हटले. पोकरला पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्याने जुगाराच्या व्याख्येतून वगळले, तर गुजरातच्या उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तो जुगारच ठरवला. पत्ते तेच बावन्न, राज्य बदलले की खेळाची जात बदलते! आपल्या महाराष्ट्राने तर १९७६ मध्ये कॅसिनोचा कायदा केला, तो कधी अमलातच आणला नाही आणि २०२३ मध्ये रद्द करून टाकला. गोव्याने १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांतल्या जुगारयंत्रांना परवानगी दिली आणि पुढे जहाजांवरच्या टेबलांनाही. त्याच गोव्याने फेब्रुवारी २०२० पासून गोवेकरांना मात्र तिथे खेळायला बंदी केली. म्हणजे आपली मुले वाचवायची आणि दुसऱ्यांची मुले आली तर कर घ्यायचा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तेव्हा त्यात कौशल्य की नशीब हा भेदच ठेवला नाही. अर्ध्या शतकाहून अधिक काळ चाललेला वाद संसदेने एका वाक्यात बाजूला सारला.

आम्हाला वाटते, त्या माउलीनेही तेच केले होते. पैसा कसा मिळाला, डोक्याने की दैवाने, हे तिने विचारलेच नाही. कोणाचा, एवढेच विचारले.

कुरआनात 'मैसिर'चा उल्लेख येतो तो मुळात उंटाच्या मांसावरून. अरब लोक उंट कापत, त्याचे वाटे करीत आणि पिशवीतून बाण काढून वाटे ठरवीत. ज्याचा बाण कोरा निघे, त्याच्यावर उंटाची किंमत पडे. भाष्यकार सांगतात की जिंकणारे ते मांस स्वतः खात नसत. गोरगरिबांना वाटत आणि त्या उदारपणाची फुशारकी मारीत. सूरह बकरामध्ये मद्य आणि मैसिर यांत लोकांसाठी काही फायदे आहेत, पण पाप फायद्यापेक्षा मोठे आहे, असा आशय येतो, तो या पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे. गरिबाच्या पोटात जाणारे मांससुद्धा या व्यवहाराला शुद्ध करू शकले नाही. दुसरीकडे, उंट, घोडा आणि तिरंदाजी यांच्या शर्यतींना बक्षीस ठेवण्याची मुभा हदीसमध्ये आहे. म्हणजे चढाओढीला किंवा कौशल्याला इस्लामचा विरोध नाही. फकीहांनी तिथे पाहिले ते बक्षीस कोण देतो हे. राज्यकर्त्याने किंवा तिऱ्हाइताने दिले तर हरकत नाही. खेळणाऱ्या सर्वांनी पैसे घालायचे आणि हरणाऱ्याचे जिंकणाऱ्याने न्यायचे, तर तो किमार. खेळ कोणताही असो.

विद्यार्थी म्हणाला, नुकसान तर आधीच ठरलेले असते, साडेपाच हजारांच्या वर एक रुपया नाही. सिनेमाचे तिकीट काढल्यासारखेच ते. उपमा चांगली आहे, पण ती पाचशे रुपयांनाच लागू पडते. ते टेबलाचे, पत्ते वाटणाऱ्याचे, जागेचे मोल. उरलेले पाच हजार कशाचे मोल? त्यांच्या बदल्यात बावन्न माणसांना काय मिळाले?

नशीब वाईट म्हणून जुगार वाईट, असे म्हणाल तर आमच्याकडचा धानाचा शेतकरी सर्वांत मोठा जुगारी ठरेल. पऱ्हे टाकून तो आभाळाकडे पाहत बसतो. पण त्याचे पीक बुडाले म्हणून शेजाऱ्याच्या बांधीत दुप्पट पिकत नाही. बायकांच्या भिशीत चिठ्ठी निघते, तीही नशिबानेच; पण ती फक्त पाळी ठरवते, शेवटी प्रत्येकीला तेवढेच मिळते. उलट लिलाव भिशी पाहा. तिथे नशिबाचा अंशही नाही, सारा हिशेब आणि डोके. ज्याच्या घरी आजारपण किंवा लग्न, तो कमी रकमेवर भिशी उचलतो आणि ज्यांना गरज नाही ते त्याची तूट वाटून घेतात. त्या तुटीला नफा म्हणायची पद्धत आहे.

एक गोष्ट त्याने अगदी सहज सांगितली. जुने खेळाडू टेबलावर बसले की आधी 'मासा' शोधतात. मासा म्हणजे ज्याला खेळ कमी कळतो असा माणूस. त्याच्या समोर डाव टाकायचे, त्याला हूल द्यायची. हूल हे खोटे नव्हे, कारण नियम सर्वांना मान्य आहे, हे आम्ही कबूल करतो. पण शिक्षकाच्या पेशात ज्याला कमी कळते त्याला शोधून त्याच्यापाशी बसायचे असते, आणि या कौशल्यातही त्यालाच शोधून त्याच्यापाशी बसायचे असते. हेतूतला फरक आमच्या मनातून जात नाही. कुरआनात मैसिरमुळे वैर आणि द्वेष पसरतो असे कारण दिले आहे. विद्यार्थी म्हणतो, त्याने ज्याला बाहेर काढले त्याने हसून हात मिळवला. मिळवला असेल. वैर नेहमी टेबलावरच उठते असे नाही. तो माणूस घरी जाऊन बायकोला काय सांगतो, तिथेही उठते.

आम्ही वकिली घेतली नाही. पैसा परत करायचा तर त्या बावन्न अनोळखी माणसांचा पत्ता कोण देणार? अशा वेळी उलेमा सांगतात की तो गरजूला द्यावा, सवाबाची नियत न ठेवता. आधी हे आम्हाला कोरडे वाटत असे. आता त्यातला बारकावा दिसतो. उंटाचे मांस वाटणारा अरब दानाचे श्रेय घेत होता. इथे हातातून पैसा जातो आणि श्रेयही ठेवता येत नाही. मुलाने तसे केले. कोणाला दिले हे आम्ही विचारले नाही.

मात्र हा प्रश्न कॅसिनोपुरता ठेवता येत नाही. हिवाळ्यात आमच्याकडे टेनिस चेंडूच्या क्रिकेटचे सामने भरतात. प्रत्येक संघाकडून प्रवेश फी घेतात आणि त्याच पैशांतून पहिले-दुसरे बक्षीस देतात. नमाजी मुले खेळतात, आम्हीही बघायला उभे राहतो. मांडवीवरच्या साठ जणांना एक माप आणि आमच्या मैदानावरच्या सोळा संघांना दुसरे, हे कसे चालेल? यंदा मुले वर्गणीला आली तेव्हा आम्ही एवढेच सुचवले की फी चेंडू, मैदान आणि पंच यांच्या खर्चापुरती घ्या आणि बक्षीस एखाद्या दुकानदाराकडून मागा. दोघे-तिघे नाराज होऊन गेले. बाकीच्यांनी ऐकले; फी निम्म्यावर आली, आणि पहिले बक्षीस गेल्या वर्षीपेक्षा बरेच लहान झाले. त्यावरून मैदानावर अजून कुरबूर चालू आहे.