आसाचे छिद्र आणि मालकाचे उत्तरदायित्व

‘सुख’ हा शब्द ऋग्वेदात प्रामुख्याने रथाचे विशेषण म्हणून येतो, आणि तेथे त्याचा अर्थ मनाचा आनंद असा नसून न अडखळता, सहज चालणारा असा आहे. ‘ख’ म्हणजे छिद्र, विशेषतः चाकाच्या तुंब्यातील ते छिद्र ज्यातून आस जातो. ते नीट कोरलेले असले की रथ ‘सुख’ ठरतो, अशी या शब्दाची एक प्रसिद्ध व्युत्पत्ती आहे. ‘दुःख’ हा शब्द याच घडणीचा की ‘दुःस्थ’ या शब्दापासून आलेला, याविषयी अभ्यासकांत मतभेद असले तरी, ‘सुख’ शब्दाचे रथाशी असलेले नाते वेदातील प्रयोगांतूनच दिसते. वऱ्हाडातील शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही, कारण वंगण आटलेली बंडी कशी कुरकुरते आणि बैलांच्या खांद्याला ते कसे जाचते, हे त्याने पिढ्यान्‌पिढ्या ऐकले आणि पाहिले आहे.

अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग 53 वरील नांदगाव पेठ येथे आज बंडीचे पुष्कळसे काम पिकअप गाड्या करतात. औद्योगिक वसाहतीतील माल, मोर्शी-वरुडची संत्री, कापूस, तूर हे सारे त्यांच्यावर लादले जाते. अशी गाडी जुनी झाली की पुढच्या चाकांच्या ब्रेक डिस्क आणि बेअरिंग बदलण्याची वेळ येते. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी बिडाची चकती, जिला कॅलिपरमधील पॅड दोन्ही बाजूंनी दाबून धरतात आणि गाडीची गती घर्षणाने उष्णतेत बदलतात. ही उष्णता वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ताशी 80 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी थांबवताना 40 च्या चौपट उष्णता निर्माण होते. शिवाय ब्रेक लागताच भार पुढे झुकत असल्याने तिचा मोठा वाटा पुढच्याच चाकांना सोसावा लागतो. झिजत झिजत डिस्क ठरलेल्या किमान जाडीखाली गेली की ती बदलण्यावाचून गत्यंतर नसते.

जुन्या धाटणीच्या अनेक पिकअपमध्ये डिस्क हबला, म्हणजे आधुनिक तुंब्याला, बोल्टने जोडलेली असल्यामुळे हब उतरवल्याशिवाय ती निघत नाही, आणि हब उतरवला की आतील दोन निमुळत्या रोलरची बेअरिंगे आपोआपच समोर येतात. हबमध्ये घट्ट बसलेले त्यांचे बाहेरचे कडे, ज्याला कारागीर कप म्हणतात, तेही नव्या बेअरिंगबरोबर बदलावे लागते, ऑइल सील नवे घालावे लागते, आणि रोलरच्या फटीफटींत ग्रीस दाबून भरावे लागते. यानंतरचे काम खऱ्या कौशल्याचे आहे. चाक फिरवत नट आवळायचा, मग तो सैल करून बेताने पुन्हा बसवायचा आणि स्प्लिट पिनने अडवायचा. कारण जास्त आवळल्यास बेअरिंग तापून जळते, आणि सैल राहिल्यास चाकाला खेळ येतो. वीणेची तार फार ताणू नये आणि फार ढिली सोडू नये, हा बुद्धांनी सोण भिक्खूला केलेला उपदेश प्रसिद्ध आहे. या नटाच्या बाबतीत तो अक्षरशः खरा आहे.

आता प्रश्न असा की, डिस्क, बेअरिंग, पॅड, सील बदलत गेलेली गाडी तीच राहते काय? वैशेषिक दर्शनाचे उत्तर कठोर आहे. त्याच्या मते अवयवी, म्हणजे अवयवांपासून उत्पन्न झालेली पण त्यांच्याहून वेगळी अशी पूर्ण वस्तू, एक अवयव गळताच नष्ट होते आणि उरलेल्या अवयवांतून नवी वस्तू जन्मते. ‘ही तीच’ ही ओळख केवळ सादृश्यामुळे होते. पाली भाषेतील ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात ग्रीक वंशाच्या मिलिंद राजाला भिक्खू नागसेन विचारतो की चाके, आस, जू यांपैकी रथ कोणता, आणि अखेर रथ हे या सर्वांच्या आधाराने केलेले व्यवहारातील नाव आहे, असे दोघांच्या संवादातून ठरते. आधुनिक कायदा तत्त्वचर्चेत न शिरता चेसिसवर कोरलेल्या क्रमांकावरून गाडी ओळखतो.

परंतु नागसेनाच्या विवेचनाचा अधिक मोलाचा भाग रथाच्या पुढे आहे. दुसऱ्याचे आंबे चोरणारा म्हणेल की मालकाने जमिनीत पेरला तो आंबा वेगळा आणि झाडावरून तोडला तो वेगळा, म्हणून चोरी झालीच नाही. राजालाही हा बचाव मान्य होत नाही, कारण दुसरा आंबा पहिल्याच्याच आधाराने उत्पन्न झाला आहे. म्हणजे वस्तू क्षणोक्षणी बदलत असली तरी कार्यकारणाची साखळी तुटत नाही, आणि उत्तरदायित्व त्या साखळीला चिकटलेले असते. पिकअपच्या बाबतीत याहून समर्पक विचार सापडणे कठीण आहे. ज्याने गुरगुरणारे बेअरिंग ऐकूनही आणखी एक खेप मारली, त्याला महामार्गावर चाक जाम झाल्यावर ‘गाडी जुनी होती’ असे म्हणता येत नाही. आणि सुट्या भागांपैकी कोणताही एक भाग ‘गाडी’ नसला, तरी त्या सर्वांच्या एकत्र चालण्याची जबाबदारी एका माणसावर असतेच.

दसऱ्याला गाडी धुऊन तिला झेंडूचा हार घालण्याची आणि चाकाखाली लिंबू ठेवण्याची प्रथा या प्रदेशात मनोभावे पाळली जाते, आणि तिच्यात साधनाविषयीची कृतज्ञता आहे, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र याच महामार्गावर पुढे गुरुकुंज मोझरी येथे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा आश्रम आहे, ज्यांनी ग्रामसफाई आणि श्रम यांना उपासनेत स्थान दिले. त्या दृष्टीने पाहिल्यास ग्रीसने माखलेल्या हातांनी हब उघडणे हा पूजेचाच अधिक अवघड भाग ठरतो, कारण त्याचा लाभ मालकापेक्षा समोरून येणाऱ्या अनोळखी दुचाकीस्वाराला अधिक होतो.

जुनी पिकअप पुष्कळदा तीन-चार मालकांच्या हातून जाते. म्हणून प्रत्येक मालकाने डिस्क आणि बेअरिंग बदलल्याची तारीख व त्या दिवशीचे किलोमीटर एका वहीत लिहावेत, आणि गाडी विकताना कागदपत्रांबरोबर ती वहीही पुढच्या मालकाच्या हाती द्यावी.