उपरी शेजारी केव्हां होतो?

संकटांत सांपडलेल्या मनुष्यास हात द्यावा, ह्याविषयीं कोणाचा वाद नाहीं. ता. 27 जुलै 2019 रोजीं बदलापूर व वांगणी ह्यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यांत अडकली, तेव्हां सुमारें 1,050 उतारू सुखरूप बाहेर काढण्यांत आले, व त्या कामीं आसपासच्या गांवकऱ्यांनींहि हातभार लाविला. उतारूंची जात किंवा भाषा विचारण्यास कोणी थांबला नाहीं. परंतु वाचकहो, ते उतारू लौकरच आपापल्या वाटेस लागले. ते तेथेंच राहते, आपल्या दुकानाशेजारीं दुकान मांडते, आणि त्यांचें दुकान आपल्याहून अधिक चालतें, तर? दयेची परीक्षा तेव्हां लागते.

ती परीक्षा ह्याच भागांत एकदां होऊन गेली आहे. 1947 सालीं फाळणी झाली, आणि सिंध प्रांतांतून घरदार टाकून आलेल्या लोकांना कल्याणजवळच्या लष्करी छावणींत आणून ठेवण्यांत आलें. दुसऱ्या महायुद्धांत शिपायांसाठीं उभारलेल्या त्या बराकींत सुमारें 94,000 माणसें राहूं लागलीं. ता. 8 ऑगस्ट 1949 रोजीं गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी ह्यांनीं नव्या वसाहतीची कोनशिला बसविली, व उल्हास नदीवरून तिला उल्हासनगर हें नांव मिळालें. तरी आजहि आपण रिक्षावाल्यास 'कॅम्प नंबर चार' असेंच सांगतों. छावणी उठली, शब्द उठला नाहीं.

त्या लोकांनीं पापड लाटले, मिठाई केली, कापड विकलें, लांकडी सामान घडविलें. पुढें जीन्सचा धंदा उभा केला. तेव्हां दयेची जागा हळूहळू कुचेष्टेनें घेतली. त्यांच्या मालावरील 'यू.एस.ए.' म्हणजे अमेरिका नव्हे, 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' होय, ही थट्टा कोणीं ऐकली नाहीं? खोटा माल विकणें हें पापच आहे, त्यास दुसरें नांव नको. परंतु आपल्या गांवच्या वाण्यानें तराजू मारला तर आपण म्हणतों, 'तो वाणी लबाड'. आणि उपऱ्यानें तेंच केलें तर म्हणतों, 'ही जातच तशी.' ज्याचा दोष त्याच्या एकट्याच्या पदरीं घालावा, इतका साधा न्यायहि आपण परक्यास देत नाहीं.

दूरचें एक उदाहरण पाहूं. हैती देशांत ता. 12 जानेवारी 2010 रोजीं भूकंप होऊन राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स उद्ध्वस्त झाली. त्यानंतर हजारों लोक ब्राझीलला गेले. 2012 पासून तेथील सरकारनें त्यांना दयाभावानें विशेष प्रवेशपत्रें दिलीं, आणि बांधकामांवर व मांसाच्या कारखान्यांत त्यांना मजुरी मिळाली. मजुरी आटली, तेव्हां त्यांतील पुष्कळांनीं पुन्हां बोचकें बांधिलें. कित्येक चिलीस गेले, कित्येक तेथूनहि उठून उत्तरेस मेक्सिकोच्या वाटेनें चालत राहिले. उल्हासनगरच्या लोकांचें दुःख त्यांच्याहून कमी नव्हतें, पण ते ह्या देशाचे नागरिक होते. त्यांचें येथें राहणें कोणाच्या मर्जीवर नव्हतें. दयेनें दिलेली जागा दया संपतांच जाते. हक्कानें मिळालेली तशी जात नाहीं.

मोशेच्या नियमशास्त्रांत उपऱ्यावर प्रीति करण्याची आज्ञा आहे, आणि तिचें कारण म्हणून इस्राएल लोकांस त्यांच्या स्वतःच्या मिसरांतील दिवसांची आठवण करून दिली आहे. शेताच्या कडा न कापतां सोडाव्या, म्हणजे गरिबानें व उपऱ्यानें स्वतःच्या हातांनीं वेंचून न्यावें, असेंहि त्यांत आहे. भीक घालणें व कड सोडणें ह्यांत फार अंतर आहे. रूथ मवाबी बाई. ती बवाजाच्या शेतांत सरवा वेंचीत होती, हात पसरून बसली नव्हती.

मात्र ही आज्ञा एकाच बाजूस लागू नाहीं. जे काल उपरी होते ते आज यजमान आहेत. जीन्स धुण्याच्या कारखान्यांचें रंगीत पाणी वालधुनी नदींत सोडलें गेलें, तें प्रवाहाकांठच्या गरिबांच्याच दारावरून वाहिलें. त्या कारखान्यांतून राबणारे हात पुष्कळदां उत्तर प्रदेशांतून आलेल्या मजुरांचे असत. अंबरनाथ व बदलापूरच्या कारखान्यांभोंवतींच्या चाळींतहि नवे लोक रोज उतरत आहेत. कोणी दुष्काळानें, कोणी कर्जानें गांव सोडलेले. खोली देतांना त्यांना पहिला प्रश्न 'कोठले तुम्ही?' असाच होतो, आणि तो विचारणाऱ्याचा आजा स्वतः बराकींत राहिलेला असतो.