झाकलेले ताट

दिवाळीच्या आधी दोन-चार दिवस पिंपरीच्या वल्लभनगर एस.टी. आगारात जाऊन उभे राहावे. खांद्यावर पिशव्या, कडेवर मूल आणि हातात मिठाईचा पुडा अशी माणसे गाड्यांकडे धावत असतात. कोठे निघालात, असे कोणालाही विचारा, उत्तर एकच मिळते, "घरी!" यांतले कित्येक जण वीस-वीस वर्षे भोसरीत किंवा चाकणला राबत आहेत. त्यांची मुले येथेच जन्मली, येथल्याच शाळेत शिकली. पण घर म्हणजे गाव. माझ्या वडिलांचेही तसेच होते. १९७२ च्या दुष्काळात ते बीड जिल्ह्यातून आले, भोसरीच्या एका वर्कशॉपात लागले आणि अखेरपर्यंत आमच्या भाड्याच्या बिऱ्हाडाला 'खोली'च म्हणत राहिले.

मग ज्याला सणाला गावी जाता येत नाही, ज्याची नेमकी त्याच दिवशी पाळी लागली आहे, ज्याचे काम सुटले आहे किंवा ज्याच्या घरातले माणूसच गेले आहे, त्याने दिवाळी कोठून आणावी? दुःखात दिवा लावणे ही स्वतःच्या मनाची फसवणूक नव्हे काय? आणि न लावावा, तर मुलांच्या तोंडाकडे कसे पाहावे?

या भूमीला हा प्रश्न नवा नाही. फाळणीनंतर सिंधमधून निघालेली कुटुंबे पिंपरीच्या निर्वासित छावणीत येऊन राहिली. ज्यांना स्वतःचा उंबरठा उरला नव्हता, त्यांच्या त्या वस्तीला आजही लोक 'पिंपरी कॅम्प' म्हणतात आणि दिवाळीच्या खरेदीला तेथेच गर्दी करतात. १९५४ मध्ये पिंपरीस पेनिसिलिनचा सरकारी कारखाना स्थापन झाला, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ आले आणि मग कारखान्यामागून कारखाने उभे राहिले. २०११ च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची वस्ती सतरा लाखांच्या वर भरली. ही बहुतेक सारी कोठून तरी आलेली माणसे. म्हणजे दर दिवाळीला येथे कोणाचे ना कोणाचे घर दूर असतेच.

आपल्या जुन्या रीतींनी या दूरपणाचा विचार केलेला आहे, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आले. भाऊबीजेला भाऊ येऊ शकला नाही, तर बहीण चंद्राला ओवाळते. ताट मांडायचेच नाही, असे तिला कोणी सांगत नाही. ज्या घरात वर्षाच्या आत मृत्यू झाला असेल, तेथे दिवाळीला तळण करीत नाहीत. पण त्या घरी फराळ नसतो असे नव्हे. शेजारपाजारचे आणि आप्त आपल्या घरचे ताट झाकून तेथे नेऊन देतात. लहानपणी मला हा केवळ उपचार वाटे.

२०२० साली आमच्यावर ती वेळ आली. मार्चअखेरीस टाळेबंदी लागली आणि श्रावणात वडील गेले. लक्ष्मीपूजन १४ नोव्हेंबरला होते. सारी चाळ दिव्यांनी उजळलेली आणि आमच्या दारात फक्त देवापुढच्या समईचा उजेड. आई भिंतीला टेकून बसली होती. तेवढ्यात पलीकडच्या खोलीतली बिहारची बाई ताट घेऊन आली. तिच्या नवऱ्याचे काम टाळेबंदीत सुटले होते. उन्हाळ्यात दोघे गावी गेली, तेथेही भागेना म्हणून परत आली आणि तो मिळेल ती मजुरी करीत होता. "काकू, यंदा तुम्ही करायचे नाही ना? म्हणून मी केले," ती म्हणाली. आमची रीत तिला चाळीतल्या कोणी तरी सांगितली होती.

ताटात चकल्या होत्या. आदल्या वर्षी आईनेच तिला शिकवल्या होत्या. सोऱ्याही आमच्याच घरून गेला होता. मोहन अंमळ जास्त पडले होते, त्यामुळे एकही चकली धड राहिली नव्हती. आईने एक तुकडा तोंडात टाकला आणि त्या महिन्यांत प्रथमच तिच्या शिक्षिकी स्वरात म्हणाली, "पोरी, मोहन मोजून घालावे गं." मग रिकामे ताट परत जाऊ नये म्हणून तिने त्यात मूठभर साखर घातली.

त्या रात्री मला त्या रीतीचा अर्थ कळला. दुःखिताला 'ऊठ, हास, आशा धर' असे ती सांगत नाही. त्याला शोक करू देते. आशा धरण्याचे काम तेवढ्यापुरते शेजाऱ्याकडे सोपविते. आपण मात्र खचलेल्या माणसालाच धीर धरायला सांगतो, आणि त्याला धरता आला नाही की त्याच्याच मनाला दुबळे ठरवितो. हा मोठा अन्याय आहे.

यावर कोणी म्हणेल, फुटक्या चकल्यांनी सुटलेले काम परत मिळते काय? नाही मिळत. मजुराला काम हवे, थकलेला पगार हवा, आणि त्याऐवजी ताट पाठवून आपली सुटका होत नाही. परंतु काम मिळेपर्यंतचे दिवसही माणसाला काढावेच लागतात, आणि ते एकट्याने निघत नाहीत. शिवाय तिच्या घरीच तेलाची चणचण होती, तरी तिने तळण काढले. तिला परवडत नव्हते हे खरे. पण आपणही कोणाला काही देऊ शकतो, एवढे त्या वर्षी तिच्यापाशी उरले होते. ते घेण्यास नकार देण्याचा अधिकार आम्हांला नव्हता.

वडील असते, तर आजही या जागेला खोलीच म्हणाले असते. मी त्यांच्याशी वाद घातला नसता. गावाची ओढ खोटी नव्हती. पण आई आताशा दिवाळीत गावी चल म्हटले, तर "इथे दोन ताटे द्यायची आहेत" असे सांगून राहते.

यंदा एक ताट तळमजल्यावर जाईल. तेथे भाद्रपदात एक म्हातारे गृहस्थ गेले. भाजणी दळून आली आहे. सोऱ्या मात्र घरात नाही. तो पलीकडच्या खोलीत आहे. आज संध्याकाळी तो मागायला मला जावयाचे आहे.