भिंतींतून निघणारा नेचा

शास्त्रपाठ : १ राजे ४:३३

शलमोन राजाचें ज्ञान किती होतें हें सांगतांना शास्त्रलेखकानें एक लहानशी गोष्ट मुद्दाम नमूद केली आहे. तो राजा लबानोनावरच्या गंधसरूविषयीं बोले, तसाच भिंतींतून निघणाऱ्या एजोबाविषयींही बोले. आपल्या रत्नागिरीकडे एजोब नाहीं. परंतु भिंतींतून निघणारें रोप येथें कोणास दाखवावें लागत नाहीं. मृगाच्या दोन सरी पडल्या कीं जांभ्या चिऱ्यांच्या सांध्यांतून व विहिरीच्या आंतल्या अंगानें नेचे डोकावूं लागतात.

नेच्यास फूल नाहीं, फळ नाहीं, बीही नाहीं. मग त्याचा वंश चालतो कसा? पिकलेलें पान उलटून पाहा. त्याच्या पाठीवर तपकिरी ठिपके किंवा रेघा ओळीनें मांडलेल्या दिसतील. त्यांत धुळीहून बारीक कण असतात. त्यांस बीजाणु म्हणतात. असा कण ओल्या दगडावर पडला म्हणजे प्रथम नखाहूनही लहान, हृदयाच्या आकाराचें एक हिरवें पातळ पान तयार होतें. त्याच्या खालीं पाण्याचा थर राहिला तरच पुढें खरा नेचा जन्मास येतो. थर सुकला तर सर्व खुंटलें. कित्येक घरीं हे ठिपके कीड समजून पानें खुडून चुलींत घालतात, नाहीं तर त्यांवर औषध मारतात, आणि अशा रीतीनें कुंडींतल्या रोपाची सारी संतति जाते. वास्तविक ओळख सोपी आहे. खवल्यांची कीड देठावरही वेडीवांकडी बसते, नखानें खरवडून निघते व बहुधा पान चिकट करिते. बीजाणूंचे ठिपके पानाच्या शिरांच्या धोरणानें, ठराविक अंतरावर असतात.

कुंडी पसरट असावी. तळाशीं भोंकावर कौलाचे तुकडे, वर कुजलेला पालापाचोळा, थोडी वाळू व मूठभर काथ्याचा भुसा, एवढें पुरे. ताजें शेण घालूं नये. जागा पडवीची अथवा उत्तरेकडची. सकाळचें कोंवळें ऊन चालतें, दुपारचें नाहीं. खाडीलगतच्या ज्या विहिरी उन्हाळ्यांत मचूळ होतात, त्यांचें पाणी नेच्यास देऊं नये. पावसाळ्यांत गोगलगाई गुंडाळलेलीं कोंवळीं पानें खातात. त्या रात्रीं दिवा घेऊन वेंचाव्या.

काळ्या, तारेसारख्या देठाचा आपल्या रानांतला हंसराज पावसाळा सरल्यावर वाळूं लागतो, आणि फाल्गुनांत कुंडींत कांहींच दिसत नाहीं. तेव्हां झाडलोट करतांना ती उकिरड्यावर रिती होते. पण मातीखालीं खोड जिवंत असतें! कुंडी सावलींत ठेवून अधूनमधून थोडा ओलावा द्यावा. न फळणाऱ्या अंजिरासाठीं धन्याजवळ आणखी एक वर्ष मागणारा माळी आपणांस ठाऊक आहे. येथें तर एका मृगाचीच वाट पाहावयाची आहे.

जुन्या आंब्यावर बाशिंग नांवाचा नेचा असतो. त्याचीं लांब हिरवीं पानें अन्न तयार करितात. खोडास चिकटलेलीं आंखूड तपकिरी पानें मेल्यासारखीं दिसतात, परंतु त्यांच्याच ओंजळींत गळलेला पाला कुजून मुळांस माती मिळते. पुष्कळ बागाईतदार त्यास बांडगुळाबरोबर खरवडून काढतात. बांडगूळ झाडाच्या आंत मुळें घालून त्याचा रस ओढतें. तें अवश्य कापावें. बाशिंग नुसतें टेकलेलें असतें. मंडळींतही टेकलेला कोण आणि शोषणारा कोण हें न पाहतां कोयता उचलणारे आहेत, पण तो विषय दुसरा.

नेच्यांची आवडही कधीं कधीं त्यांच्या जिवावर उठते. चार्लस किंग्सली ह्या इंग्रज धर्मोपदेशकानें १८५५ सालीं आपल्या देशांतल्या नेचेवेडास नांव दिलें; त्या वेडापायीं लोकांनीं दऱ्याखोऱ्यांतून इतके नेचे उपटले कीं कांहीं जाति दुर्मिळ झाल्या. मुंबईस फादर ब्लॅटर व डि'आल्मेडा यांनीं १९२२ सालीं आपल्या इलाख्याकडील नेच्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यालाही आतां शंभर वर्षें होऊन गेलीं. आंबोलीच्या धुक्यांतला नेचा उपटून किनाऱ्यावरच्या उष्म्यांत आणिला तर तो सहसा तग धरीत नाहीं. आणि तेथली जागा मात्र रिकामी होते. विहिरीस सिमेंट लावणारांनींही निदान वरच्या थरांतले कांहीं सांधे उघडे सोडावे.

ज्यास नवा नेचा हवा असेल त्यानें ठिपके पिकलेलें एकच पान तोडून कागदाच्या घडींत दोन दिवस ठेवावें. घडींत तपकिरी धूळ जमेल. विटेचा तुकडा उकळत्या पाण्यांतून काढून, निवाल्यावर, पावसाचें पाणी घातलेल्या बशींत ठेवावा. त्यावर ती धूळ शिंपडावी, कांचेचा पेला पालथा घालावा, आणि बशी सावलींत ठेवून तींतलें पाणी आटूं देऊं नये. कांहीं आठवड्यांनीं विटेवर शेवाळ आल्यासारखें हिरवें दिसूं लागेल. तें पुसूं नका.