सम्यक वाणी आणि नळावरचे भांडण



पिंपरीतील एका चाळीत घडलेली गोष्ट सांगतो. साताऱ्याकडची एक वयस्क उपासिका नळावर हंडा भरीत होती. अकोल्याहून नुकतीच आलेली एक सून तिला म्हणाली, "तू भरून घे माय, मंग मी भरतो." तिच्या बोलीत ती माया होती. थोरलीच्या कानी मात्र 'तू' एवढेच पडले. "मला अरे-तुरे करतेस? हेच शिकवलं का आईबापांनी?" शब्दाने शब्द वाढला. दोन्ही घरे रविवारच्या वंदनेला येईनाशी झाली.

थोरलीला नुसता दोष देऊन भागणार नाही. आमच्या वाडवडिलांना गावात लहान पोरानेही अरे-तुरे केले. तो चटका आमच्या कानांत अजून आहे. पण सुनेच्या वाडवडिलांनीही तोच चटका सोसला. मग राग तिच्यावर का काढावा?

कौशांबीच्या विहारात भांड्यात उरलेल्या थोड्याशा पाण्यावरून भिक्खूंत वाद झाला आणि संघात फूट पडली. तथागतांनी समजावले, तरी कोणी ऐकेना. तेव्हा ते एकटेच पारिलेय्यक वनात निघून गेले. उपासकांनी भांडखोर भिक्खूंना दान देणे बंद केले, तेव्हा ते भानावर आले. भांडण पाण्याचे नव्हतेच. ते 'माझेच खरे' या अहंकाराचे होते.

चौथे शील आपण रोज म्हणतो आणि खोटे बोललो नाही, एवढ्यावर समाधान मानतो. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात सम्यक वाणीचा अर्थ याहून मोठा सांगितला आहे. निंदा नको, रागाची शिवराळ भाषा नको, बोलणे सौजन्याचे असावे. मी म्हणेन, जिभेप्रमाणे कानालाही शील हवे. शब्द बोचला तर उत्तर देण्याआधी विचारा, "तुम्हाला काय म्हणायचं आहे?"

याचा अर्थ अपमान गिळावा असा नाही. जातीवरून कोणी हिणवले, तर ताठ मानेने आणि कायद्याने विरोध करा. पण आपल्याच माणसाची बोली म्हणजे अपमान नव्हे.

मी त्या सुनेला थोरलीसमोरच विचारले, "बाई, 'माय' कोणाला म्हणता?" ती म्हणाली, "आईले म्हणतो, गुरुजी." थोरली गप्प झाली. मग पदराने डोळे पुसत म्हणाली, "मग मलाच कळलं न्हाई गं."

जवळच देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली. साताऱ्याचे, अकोल्याचे, मराठवाड्याचे आपण तेथे एका सुरात त्रिशरण म्हणतो. मग नळावर परके का व्हावे?

भवतु सब्ब मंगलं. जयभीम!